डॉ. रखमाबाई राऊत आणि न सांगितलेली दुखणी

आखाडा बाळापूरला माझ्याकडे येणाऱ्या बाया बहुतेक वेळा कंबरदुखी सांगतात. गोळ्या लिहून होतात, सोबतची माणसे बाहेर जातात आणि मग हळूच कळते की, पाळी कायमची बंद होऊन चार वर्षे झाली, पण आता पुन्हा अंगावरून जातेय. अशा वेळी मला डॉ. रखमाबाई आठवतात.

त्यांचा जन्म १८६४ चा, मुंबईतला. अकराव्या वर्षी लग्न झाले, पण त्या नांदायला गेल्या नाहीत. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी शिकत राहिल्या. १८८४ मध्ये नवऱ्याने उच्च न्यायालयात दावा लावला. १८८७ मध्ये न्यायालयाने नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल दिला. बाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी २,००० रुपयांवर तडजोड झाली. मग त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि १८९५ मध्ये सुरतेच्या स्त्रियांच्या दवाखान्यात रुजू झाल्या.

दवाखाना होता, पण बायका येईनात. तेव्हा त्यांनी एक गाभण शेळी तिथे आणून तिचे बाळंतपण केले आणि मग बायकांची भीती मोडली, अशी हकीकत सांगतात. पुढे राजकोटलाही त्यांनी अनेक वर्षे काम केले. १९५५ मध्ये, नव्वदीत, त्या गेल्या.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होण्याआधीच ओळखणारी तपासणी त्यांच्या उमेदीच्या काळात नव्हतीच. आज ती सरकारी रुग्णालयांत होते. व्हिनेगरसारखे पातळ औषध लावून गर्भाशयाचे तोंड पाहतात. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. तिशीनंतर, काही त्रास नसला तरी, ती करून घ्यावी.

पाळी बंद झाल्यावर एकदाही रक्त दिसले, संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त गेले, पांढऱ्या पाण्याला घाण वास येऊ लागला, तर थांबू नका. दरवेळी कॅन्सरच निघतो असे नाही. पोट सतत फुगणे, दोन घासांत भरणे हे आपण ॲसिडिटीवर ढकलतो (आम्ही डॉक्टरही!), दोन-तीन आठवडे टिकले तर अंडाशयाची सोनोग्राफी करावी.

औषध लावून होणाऱ्या तपासणीला काही मिनिटे पुरतात, भूल लागत नाही. महिला डॉक्टर हवी असेल तर तसे आधीच विचारा.