सावे दादा : भारतीय माहितीपटाचे आद्य प्रवर्तक

मुंबई : भारतीय चित्रपटाचा आरंभ म्हटला की दादासाहेब फाळके यांचा १९१३ मधील ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो. मात्र त्याच्या १४ वर्षे आधीच हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा यांनी मुंबईत प्रत्यक्ष घटनेचे चित्रीकरण केले होते.

१८६८ मध्ये जन्मलेले भाटवडेकर व्यवसायाने छायाचित्रकार होते. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे दाखवण्यात आली. या नव्या कलेने भारावून त्यांनी लंडनहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डन येथील कुस्ती चित्रित केली. फिल्म धुण्यासाठीही लंडनलाच पाठवावी लागली.

डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर र. पु. परांजपे मायदेशी परतले. त्यांच्या मुंबईतील स्वागताचे भाटवडेकरांनी केलेले चित्रण भारतातील पहिला वार्तापट मानले जाते. १९०३ चा दिल्ली दरबारही त्यांनी टिपला.

पुढे ते चित्रीकरण सोडून नाट्यगृहाच्या व्यवस्थापनाकडे वळले. १९५८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या फिल्म आज उपलब्ध नाहीत. देशातील माहितीपटाचा पहिला अध्याय केवळ नोंदींतून उरला आहे.