डॉक्टर एलिझाबेथ ब्लॅकवेल

धानाच्या कापणीचे व मळणीचे दिवस आले म्हणजे सावलीकडच्या खेड्यांत डोळ्यात कुसळ किंवा कोंडा जाणे ही नित्याची गोष्ट आहे. डोळा गेला म्हणजे जन्म गेला, असे पुष्कळांस वाटते. अशांस धीर व बोध मिळावा, म्हणून डॉ. एलिझाबेथ ब्लॅकवेल यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

ह्या बाईंचा जन्म ३ फेब्रुवारी १८२१ रोजी इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी झाला. त्यांच्या वडिलांचा साखर शुद्ध करण्याचा कारखाना होता. ते धर्मनिष्ठ असून गुलामगिरीचे कट्टे विरोधक होते. १८३२ साली हे कुटुंब अमेरिकेस गेले. सहा वर्षांनी वडील वारले, तेव्हा घरात पैसा उरला नव्हता. एलिझाबेथबाई व त्यांच्या बहिणींनी शाळा चालवून घर सांभाळले. पुढे एका मरणोन्मुख मैत्रिणीने स्त्रीडॉक्टर असती तर आपले हाल कमी झाले असते, असे त्यांस सांगितले. तेव्हापासून वैद्यकी शिकण्याचा विचार त्यांच्या मनात घोळू लागला.

अनेक कॉलेजांनी त्यांस नकार दिला. शेवटी जिनीव्हा येथील वैद्यकीय कॉलेजाने हा प्रश्न विद्यार्थ्यांवर सोपविला, व त्यांनी थट्टेच्या भरात होकार दिला. १८४७ साली बाई खरोखरच हजर झाल्या, आणि २३ जानेवारी १८४९ रोजी त्यांस पदवी मिळाली. अमेरिकेत वैद्यकीची पदवी घेणारी ही पहिली स्त्री होय.

शस्त्रक्रियेत प्रवीण होण्याच्या इच्छेने त्या पॅरिसच्या मोठ्या प्रसूतिगृहात शिकावयास गेल्या. तेथे ४ नोव्हेंबर १८४९ रोजी एका तान्ह्या मुलाचे पू वाहणारे डोळे धुताना घाण पाण्याचा शिंतोडा त्यांच्या डाव्या डोळ्यात उडाला. संध्याकाळपर्यंत डोळ्यात खडा गेल्यासारखे खुपू लागले. दुसऱ्या दिवशी पापण्या सुजून बंद झाल्या. उजव्या डोळ्यासही रोग लागला. ब्लो नावाच्या तरुण डॉक्टरांनी रात्रंदिवस त्यांची शुश्रूषा केली. पापण्यांस डाग दिले, कानशिलास जळवा लावल्या, डोळे पुनःपुन्हा धुतले. तीन आठवडे बाई दोन्ही डोळे मिटून अंथरुणावर पडून होत्या. नंतर उजवा डोळा हळूहळू उघडला व त्याची दृष्टी परत आली. डावा मात्र कायमचा गेला. ऑगस्ट १८५० मध्ये तो काढून तेथे काचेचा डोळा बसवावा लागला.

शस्त्रवैद्य होण्याची आशा त्यांनी सोडली, परंतु रोग्यांची सेवा सोडली नाही. लंडनात अधिक शिक्षण घेऊन त्या १८५१ साली न्यूयॉर्कास परतल्या. तेथे त्यांस कोणी जागा भाड्याने देईना व रोगीही येईनात. तरी १८५३ साली त्यांनी गरिबांसाठी लहानसा दवाखाना उघडला. १८५७ साली बहीण एमिली व मेरी झाक्रझेव्स्का ह्या दोन डॉक्टरांच्या साहाय्याने गरीब स्त्रिया व मुले यांचे इस्पितळ काढले, आणि १८६८ साली स्त्रियांसाठी वैद्यकीय कॉलेज स्थापिले. १८६९ साली त्या इंग्लंडास गेल्या व ३१ मे १९१० रोजी तेथेच निवर्तल्या. त्या एका डोळ्यावर त्यांनी साठ वर्षे काढली.

त्यांनी मोकळ्या केलेल्या वाटेचा लाभ आपल्या देशासही मिळाला. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून डॉक्टर झाल्या. त्या पदवीदानास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

ज्या रोगाने बाईंचा डोळा घेतला, तो जन्मते वेळी आईच्या अंगातील रोगामुळे बालकास लागतो. त्याचा जंतू १८७९ साली सापडला. पुढच्याच वर्षी लाइपझिगच्या डॉ. क्रेडे यांनी नवजात बालकाच्या डोळ्यात रुप्याच्या क्षाराचे सौम्य औषध घालण्यास आरंभ केला. त्यांच्या इस्पितळात शेकडा दहांच्या आसपास बालकांस होणारा तो रोग शेकडा एकाहूनही खाली आला. आज त्याहून चांगली औषधे आहेत.

म्हणून आमची मंडळीस विनंती आहे की, बाळाचे डोळे चिकटू लागले, सुजले किंवा पू वाहू लागला, तर एक दिवसही दवडू नये. डोळ्यात कुसळ गेल्यास चोळू नये. स्वच्छ पाण्याने धुवावे. पाल्याचा रस किंवा अंगावरचे दूध घालू नये. धानाच्या कुसळाने बुबुळ खरचटले तर त्यात बुरशी धरून फूल पडते. सबब दुखणे राहिले की त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. वेळीच धुतलेला डोळा पुष्कळदा वाचतो. आणि ज्याचा एक डोळा गेलाच, त्याने उरलेल्या डोळ्याबद्दल देवाचे उपकार मानून तो त्याच्याच सेवेस लावावा. ह्या बाईंनी तेच केले.