भाभा, भिंत आणि बुडबुडे

खरं सांगायचं तर मला कॉम्प्युटरला जायचं होतं. मार्क कमी पडले, इन्स्ट्रुमेंटेशन मिळालं. पहिलं वर्ष तोंड पाडूनच काढलं. मग लायब्ररीत होमी भाभांचं चरित्र हाती लागलं आणि कळलं, की या माणसालाही हवी ती ब्रँच मिळाली नव्हती!

जन्म ३० ऑक्टोबर १९०९, मुंबईतलं पारशी घराणं. वडिलांची इच्छा, मुलाने केंब्रिजला मेकॅनिकल करून जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावं. मुलाचा जीव फिजिक्समध्ये. १९३० मध्ये त्याने मेकॅनिकलला फर्स्ट क्लास आणून दाखवला, मगच परवानगी मिळाली. १९३९ मध्ये ते सुट्टीवर भारतात आले, युद्ध पेटलं आणि इथलेच झाले. १९४५ला टीआयएफआर, १९५६ला अप्सरा, हे सगळ्यांना पाठ आहे.

मला मात्र भावतो तो ट्रॉम्बेचा प्लुटोनियम प्लँट. १९५८ला निर्णय झाला, होमी सेठनांच्या टीमने तो उभारला, १९६५च्या जानेवारीत शास्त्रीजींनी उद्घाटन केलं. अणुभट्टीतलं वापरलेलं इंधन नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवायचं आणि त्यातून युरेनियम, प्लुटोनियम वेगळं काढायचं. किरणोत्सर्ग एवढा, की टाक्या जाड काँक्रीटच्या भिंतीआड. आत कोणी जाऊ शकत नाही. आणि प्लुटोनियम एका जागी प्रमाणाबाहेर साचलं तर साखळी प्रक्रियाच सुरू व्हायची! मग टाकी किती भरली हे कळणार कसं? अशा प्लँटमधली युक्ती साधी आहे. द्रवात नळी बुडवून हळूहळू हवा सोडायची. बुडबुडे निघायला लागणाऱ्या दाबावरून पातळी कळते. दुसरी नळी वेगळ्या खोलीवर ठेवली की घनता. आत हलणारा एकही पार्ट नाही. आज हेच सिग्नल कॉम्प्युटरकडे जातात; अलार्म, इंटरलॉक सगळं तो सांभाळतो. पण त्याला जे काही कळतं ते या बुडबुड्यांकडूनच.

टीआयएफआरचा टिफरॅक कॉम्प्युटर १९६०चा, पण तो आकडेमोडीसाठी. इलेक्ट्रॉनिक्स देशातच बनावं म्हणून १९६३ मध्ये भाभांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २४ जानेवारी १९६६ला माँ ब्लाँवर विमान कोसळलं, भाभा गेले. वय अवघं ५६. पुढच्याच वर्षी हैदराबादला ईसीआयएल सुरू झाली.

बुडबुड्यांचं हे प्रॅक्टिकल मी मित्राच्या जर्नलवरून उतरवलं होतं. चरित्र वाचल्यावर लाज वाटली, सरांना सांगून पुन्हा केलं. रीडिंग दोन सेंटिमीटरने चुकलं. मी घनता पाण्याची धरली होती, आणि सरांनी टाकीत गुपचूप मिठाचं पाणी भरलं होतं.