राउल प्रेबिश

राउल प्रेबिश (१७ एप्रिल १९०१ – २९ एप्रिल १९८६) हे अर्जेंटिनाचे अर्थशास्त्रज्ञ व संयुक्त राष्ट्रसंघाचे ज्येष्ठ अधिकारी होते. लॅटिन अमेरिकेतील देशांच्या प्रादेशिक आर्थिक सहकार्याची वैचारिक पायाभरणी प्रामुख्याने त्यांनी केली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या व्यापार व विकास परिषदेचे (अंक्टाड) ते पहिले महासचिव होते.

पूर्वायुष्य

प्रेबिश यांचा जन्म अर्जेंटिनातील तुकुमान येथे झाला. त्यांचे वडील जर्मन वंशाचे होते. बुएनोस आइरेस विद्यापीठात अर्थशास्त्राचे शिक्षण घेतल्यावर १९२५ मध्ये ते तेथेच प्राध्यापक झाले. मुक्त व्यापाराने सर्वच देशांचा लाभ होतो, या प्रस्थापित मतावर त्या काळी त्यांचाही विश्वास होता.

१९२९ नंतरच्या जागतिक महामंदीने या विश्वासाला तडा गेला. अर्जेंटिना गहू व मांस विकून यंत्रे आणि कारखानदारी माल विकत घेत असे. मंदीत शेतमालाचे भाव कारखानदारी मालापेक्षा अधिक कोसळले. ब्रिटनने आपल्या साम्राज्यातील देशांना व्यापारात अग्रक्रम दिल्याने मांसाची बाजारपेठही धोक्यात आली. १९३३ च्या रोका–रन्सिमन करारान्वये ती टिकली, पण त्यासाठी ब्रिटिश मालाला मोठ्या सवलती द्याव्या लागल्या. या वाटाघाटींत प्रेबिश यांचा सहभाग होता. एकट्या देशाला बड्या ग्राहकापुढे किती नमते घ्यावे लागते, याचा हा प्रत्यक्ष अनुभव होता.

१९३५ मध्ये स्थापन झालेल्या अर्जेंटिनाच्या मध्यवर्ती बँकेचे ते पहिले महाव्यवस्थापक झाले. १९४३ च्या लष्करी उठावानंतर त्यांना या पदावरून दूर करण्यात आले. त्यानंतरच्या काळात अध्यापन करीत असताना त्यांनी आपल्या विचारांची नव्याने मांडणी केली.

आर्थिक आयोगातील कार्य

संयुक्त राष्ट्रसंघाने १९४८ मध्ये चिलीतील सान्तियागो येथे लॅटिन अमेरिकेसाठी आर्थिक आयोग स्थापन केला. स्पॅनिश आद्याक्षरांवरून तो 'सेपाल' या नावाने ओळखला जातो. १९४९ मध्ये आयोगाच्या हवाना येथील अधिवेशनासाठी प्रेबिश यांनी लॅटिन अमेरिकेच्या विकासाविषयी प्रबंध सादर केला. जगाची विभागणी औद्योगिक 'केंद्र' आणि कच्चा माल पुरवणारा 'परिघ' अशी झाली असून व्यापारशर्ती दीर्घकाळात परिघाच्या विरुद्ध जातात, असे त्यांनी प्रतिपादन केले. म्हणजेच तितक्याच यंत्रांसाठी परिघातील देशाला उत्तरोत्तर अधिक धान्य द्यावे लागते. हान्स सिंगर यांनीही याच सुमारास स्वतंत्रपणे असाच निष्कर्ष काढल्याने तो 'प्रेबिश–सिंगर सिद्धांत' म्हणून प्रसिद्ध झाला. त्याच्या सार्वत्रिकतेबद्दल अर्थशास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

प्रेबिश १९५० ते १९६३ या काळात आयोगाचे कार्यकारी सचिव होते. औद्योगिकीकरण हा त्यांनी सुचवलेला मुख्य उपाय होता. मात्र प्रत्येक देशाने उंच आयात शुल्काच्या आड तेच ते कारखाने उभारल्यास छोट्या बाजारपेठेत उत्पादन महाग पडते, हे त्यांनी ओळखले. म्हणून लॅटिन अमेरिकेची सामायिक बाजारपेठ असावी, असा त्यांचा आग्रह होता.

१८ फेब्रुवारी १९६० रोजी मोंतेविदेओ येथे अर्जेंटिना, ब्राझील, चिली, मेक्सिको, पॅराग्वे, पेरू व उरुग्वे या सात देशांनी मुक्त व्यापार संघटनेचा करार केला. त्याच वर्षी मध्य अमेरिकेतही सामायिक बाजारपेठेचा करार झाला. मोंतेविदेओ करारात शुल्ककपात वस्तुवार वाटाघाटींवर सोपवली होती. आरंभी सोप्या वस्तूंवर एकमत झाले, पण स्थानिक उद्योगांना झळ पोहोचेल अशा वस्तूंवर चर्चा अडून बसली. मोठ्या देशांनाच अधिक लाभ होतो, अशी लहान देशांची तक्रार होती. १९६९ मध्ये काही देशांनी वेगळा अँडियन गट स्थापन केला, तर १९८० मध्ये मूळ संघटनेची जागा अधिक लवचीक अशा नव्या संघटनेने घेतली.

अंक्टाड व भारत

१९६४ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या अंक्टाडच्या पहिल्या परिषदेचे महासचिवपद प्रेबिश यांच्याकडे होते. याच परिषदेत विकसनशील देशांचा '७७ चा गट' अस्तित्वात आला. दुसरी परिषद १९६८ मध्ये नवी दिल्ली येथे भरली. विकसनशील देशांच्या कारखानदारी मालाला शुल्कात सवलत देण्याचे तत्त्व तेथे मान्य झाले व १९७१ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. कच्च्या मालाच्या भावांबाबत मात्र श्रीमंत देशांकडून अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही. १९६९ मध्ये प्रेबिश यांनी पद सोडले. भारताने १९७४ च्या जवाहरलाल नेहरू पुरस्काराने त्यांचा गौरव केला.

अखेरचा काळ

१९७६ पासून ते सेपालच्या नियतकालिकाचे संपादक होते. १९८१ मध्ये परिघातील भांडवलशाहीवरील त्यांचा ग्रंथ प्रकाशित झाला. परिघातील विषमतेला केवळ बाह्य व्यापार नव्हे, तर तेथील श्रीमंत वर्गाची उधळपट्टीही कारणीभूत आहे, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. सान्तियागो येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९९१ मध्ये, अर्जेंटिना, ब्राझील, पॅराग्वे व उरुग्वे यांनी 'मेर्कोसुर' या सामायिक बाजारपेठेचा करार केला.