गोंड मुलांचा धडा

ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ ह्यांचा जन्म १९०९ साली व्हिएन्ना येथे झाला. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते हिंदुस्थानात होते. शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरल्याने त्यांना निजामाच्या हैदराबाद संस्थानातच राहावे लागले. तेथून ते आदिलाबाद जिल्ह्यातील गोंडांमध्ये आले.

१९४० साली जमिनीच्या हक्कासाठी लढताना कुमराम भीमू मारले गेले होते. सरकारवर गोंडांचा विश्वास नव्हता, आणि अक्षरओळख नसल्याने कागदावर ते सहज फसवले जात. शाळा हवी होती. पण सरकारी उर्दू मुलांना परकी होती.

१९४३ साली मार्लवाई गावी हायमेनडॉर्फ ह्यांनी आधी गोंड तरुणांनाच शिक्षक म्हणून तयार केले. वाचनाची पुस्तके गोंडी भाषेत, देवनागरी लिपीत केली व त्यांत गोंडांच्याच कथा घातल्या. घरी ऐकलेली गोष्ट पुस्तकात भेटली, म्हणजे मूल आपण होऊन पुढचे पान उलटते.

त्यांच्या पत्नी बेटी १९८७ साली वारल्या. त्यांची समाधी मार्लवाईतच आहे. हायमेनडॉर्फ १९९५ साली लंडन येथे निवर्तले.

संडे स्कूलच्या शिक्षक बंधुभगिनींनो, वर्ग कंटाळलेला दिसला तर चित्रे व खेळ जरूर आणावेत. पण त्याआधी पाहावे, आपला धडा मुलांच्या घरच्या बोलीपासून सुरू होतो काय?