एका बाकाची किंमत

थोर पुरुषाच्या चरित्रात त्याच्या कर्तृत्वाचा हिशेब मांडला जातो. बालपणी त्याच्यासाठी शाळेचे दार ठोठावणाऱ्यांची नोंद मात्र क्वचितच होते. लुई ब्रेलचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे.

पॅरिसच्या पूर्वेस असलेल्या कूव्रे या खेड्यात ४ जानेवारी १८०९ रोजी लुई जन्मला. वडील खोगिरे व लगाम तयार करणारे कारागीर. १८१२ मध्ये, वडिलांच्या कारखान्यात खेळताना, तीन वर्षांच्या लुईच्या डोळ्यात हत्यार घुसले. जखम चिघळली, दुसऱ्या डोळ्यालाही संसर्ग झाला आणि पाचव्या वर्षापर्यंत दृष्टी पूर्णपणे गेली. त्या काळी गरीब अंधाच्या वाट्याला बहुधा भीकच येई.

लुईच्या बाबतीत तसे घडले नाही, याचे श्रेय काही सामान्य माणसांकडे जाते. आईवडिलांनी त्याला घरात कोंडून ठेवले नाही. गावचे धर्मगुरू पालुई यांनी त्याला शिकवण्यास प्रारंभ केला आणि त्याला गावच्या शाळेत घ्यावे म्हणून शिक्षक बेशेरे यांच्याकडे रदबदली केली. बेशेरे यांच्यापाशी ना विशेष साधने होती, ना प्रशिक्षण. त्यांनी डोळस मुलांच्या वर्गात लुईला जागा दिली, एवढेच. केवळ ऐकून शिकणारा हा मुलगा वर्गात चमकू लागला. पुढे पालुई यांनीच गावच्या जमीनदाराकरवी खटपट केली आणि १८१९ मध्ये दहा वर्षांचा लुई पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाला.

तेथील उठावदार अक्षरांची पुस्तके अवजड होती. वाचन संथ चाले आणि लेखन जवळजवळ अशक्य होते. शार्ल बार्बिये यांची बारा टिंबांची पद्धत १८२१ मध्ये शाळेत आली, पण तिचे चिन्ह बोटाच्या एका स्पर्शात मावत नसे. लुईने ती सहा टिंबांवर आणली. १८२४ मध्ये, अवघ्या पंधराव्या वर्षी, त्याची लिपी आकारास आली व १८२९ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे तो त्याच संस्थेत शिक्षक झाला. ६ जानेवारी १८५२ रोजी क्षयाने त्याचा अंत झाला. फ्रान्सने लिपीला अधिकृत मान्यता दिली ती त्यानंतर दोन वर्षांनी. १९५१ पासून भारतीय भाषांसाठीही हीच सहा टिंबे भारती ब्रेलच्या रूपाने राबत आहेत.

अंध मुलाला वर्गात घेण्याचा प्रश्न निघाला की खर्चाचा मुद्दा पुढे केला जातो. कूव्रेच्या शाळेला किती खर्च आला? बाकावरची एक जागा आणि एका शिक्षकाची तयारी. त्या गुंतवणुकीचा परतावा दोन शतके अवघे जग घेत आहे. आज भारतात २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा शासनमान्य शाळांना अशा मुलांना भेदभावाविना प्रवेश देण्यास बांधील करतो. पालुई यांच्या हाती असा कायदा नव्हता. होती ती केवळ विनंती. कायदा दार उघडील, परंतु आत मुलाला जागा करून देणारा बेशेरे प्रत्येक शाळेला आपल्यातूनच निर्माण करावा लागेल.