हुकूमतपन्हा रामचंद्रपंत अमात्य

प्राचीन रोमच्या प्रजासत्ताकावर मोठे संकट ओढवले म्हणजे सिनेटच्या सल्ल्याने कॉन्सल एका पुरुषास ‘डिक्टेटर’, म्हणजे सर्वाधिकारी, नेमीत असे. मुदत फार तर सहा महिने. इ. स. पूर्व ४५८ मध्ये नांगर ठेवून हे पद स्वीकारणारा सिन्सिनाटस सोळाव्या दिवशी ते सोडून शेतावर परतला, अशी परंपरा आहे. पुढे सुल्ला व सीझर ह्यांनी ही मुदत मोडली आणि इ. स. पूर्व ४४ मध्ये ते पदच रद्द झाले.

आपल्या इतिहासातही असा एक पुरुष होऊन गेला. ज्या दिल्लीस औरंगजेब दक्षिणेतून पुन्हा परतू शकला नाही, त्या दिल्लीतील मयूर विहारात हे लिहिताना त्याचे स्मरण होते.

रामचंद्र नीलकंठ बावडेकर हे निळो सोनदेवांचे पुत्र. १६७४ च्या राज्याभिषेकसमयी ते अष्टप्रधानांत अमात्य झाले. मार्च १६८९ मध्ये संभाजीराजांचा वध झाला. त्याच वर्षी रायगड पडला व येसूबाई आणि बाल शाहू शत्रूच्या हाती सापडले. राजाराम महाराज दूर जिंजीस गेले. जाताना त्यांनी रामचंद्रपंतांस ‘हुकूमतपन्हा’ हा किताब देऊन महाराष्ट्राचा सर्व कारभार सोपविला. रोमच्या पदास मुदत होती. येथे राजाचे परत येणे हीच मुदत.

पंतांनी शंकराजी नारायण सचिवांच्या साह्याने विस्कटलेली घडी बसविली. संताजी घोरपडे व धनाजी जाधव ह्यांनी मोगल फौजांस विसावा लाभू दिला नाही. परशुराम त्रिंबकांनी १६९२ मध्ये पन्हाळा परत घेतला. परंतु खजिना रिता होता आणि बादशहा वतनांचे आमिष दाखवीत होता. माणसे टिकविण्यासाठी मराठ्यांनाही वतने द्यावी लागली. शिवाजी महाराजांनी ज्या प्रथेस आळा घातला होता, तीच पुन्हा बळावली.

१६९८ मध्ये जिंजी पडली. तत्पूर्वी निसटलेले महाराज स्वदेशी आले. सुमारे नऊ वर्षे राज्य चालविलेल्या पंतांनी सर्वाधिकार धन्याच्या हाती दिला आणि ते पुन्हा अमात्य म्हणून सेवा करू लागले. सैन्य, किल्ले व माणसे त्यांच्या शब्दात असताना हे घडले, हे आपण विसरू नये.

१७१५ च्या ‘आज्ञापत्रा’चे कर्तृत्व त्यांच्याकडे दिले जाते. वतनदार म्हणजे राज्यातील लहान लहान राजेच होत, त्यांस फार बळ येऊ देऊ नये, असा इशारा त्यात आहे. संकटकाळी दिलेले काय परत येत नाही, हे पंतांइतके कोणास ठाऊक असणार? स्वतःचा अधिकार त्यांना परत करता आला. त्या अधिकाराने वाटलेली वतने मात्र परत आली नाहीत. आणीबाणीत सत्ता हाती घेणाऱ्याने हा हिशेब आरंभीच मांडावा.